येसाजीचा अदमास

...न्हाई न्हाई, तसं लिवू नगंस, "थोर पुढारी" म्हनून. पुढारी कसला! टाचा फुटलेल्या, अंगात इटलेली बंडी, आन बोलाय हुबं ऱ्हायलं की मानूस पैल्यांदा खोकायचं. तू लिव "आमचा येसाजी". तेवढं बास. आन चुलीतलं लाकूड जरा मागं वढ गं चंद्रा, दूध वर यील. व्हय, तर कुठं हुतो आपुन? अदमासावर.

येसाजी माझा चुलत दीर. मी ह्या घरात नांदाय आले तवा त्येला मिसरूड फुटलं नव्हतं. मला वैनी म्हनायचा. रानातला कुनबी, साळंची पायरी बघितली न्हाई, पन देवानं त्येच्या डोळ्यांत काय घातलं हुतं कुनास ठावं. भाताचं खाचर लांबनं बघायचा आन म्हनायचा, "अकरा मुडी." झोडून, मळून, मुड्या बांधल्या की अकराच भरायच्या. एकांद्या टायमाला साडेधा. मुडी तुला ठावं हाय, पन वाचनाऱ्याला नसंल ठावं तर लिव. भाताचं बियानं पेंढ्यात घालायचं, पेंढ्याच्याच दोरीनं आवळून गोल गठुडं करायचं आन चुलीच्या वर टांगायचं. वल लागत न्हाई, कीड लागत न्हाई. एका बाईच्या मानेला एक मुडी म्हंजी भरपूर झालं.

लगनाला तांदूळ किती लागतील, पेंढा गुराला कवापतूर पुरंल, नदी कवा उतरंल, समदी त्येलाच इचारायची. "येसाजी, तुजा अदमास काय?" त्यो डावा डोळा बारीक करायचा. तेवढा येळ कोन बोलायचं न्हाई. पोरं सुदीक गप.

आता दोराचं. तवा गोव्यात फिरंगी हुता आन आपुन मुंबई राज्यात हुतो. रान समदं ठेकेदाराकडं. आपल्या मानसांनी कळक तोडायचा, मोळी बांधायची, डेपोवर न्ह्यायची. शेरातली लोकं कळकाला बांबू म्हनत्यात. मोळी मोजाय मुकादमाकडं सालीचा एक दोर हुता, टोकाला टोक गाठवलेला. त्या फेऱ्यात मोळी घट्ट बसली तर मोळी, न्हाई तर जा, आनखी आना. आन काय सांगू, कालच्यापरीस आज दोन कळक जास्ती लागायचे, उद्या आनखी दोन. मुकादम दात काढायचा, "तुमच्याच हातातला जोर गेलाय रं."

येसाजी आठ दिस नुस्ता बघत हुता. मुकादम रोज त्यो दोर चुलीच्या धुरावर टांगायचा. नवव्या दिशी येसाजी उठला, मुकादमाच्या खांद्यावरनं दोर काढून घितला आन पान्याच्या हंड्यात बुडिवला. मुकादमानं काठी उचलली. येसाजी हंड्याच्या म्होरं उकिडवा बसला, कनवटीची चंची काढली आन पान लावाय लागला. सावकाश. चुना, सुपारी. चाळीस मानसं हुबी. काठी तशीच वर. पान खाऊन झालं, पिंक टाकली, आन मंग त्यानं दोर काढून मोळीवर घातला. वल लागताच आखडला की दोर, धुरावर सुकून लांबलेला! मोळीतनं चार कळक उपसून काढले तवा कुठं बसला.

"मारा," येसाजी म्हनला. "पन आदी सांगा, ह्यातला खरा दोर कंचा? कालचा का आजचा?"

काठी खाली आली.

त्या दिशी डेपोवर खानापुराकडचा एक मानूस आला हुता. बाबुराव त्येचं नाव. धोतर, सदरा, खांद्याला पिशवी, पिशवीत लाल बावटा आन पुस्तकं. शेतकऱ्याचाच ल्योक, पन कालेजात गेलेला. त्यो धावतच आला, येसाजीचे दोन्ही हात धरले. "अण्णा, तुमी तर अर्थशास्त्री हाय!"

"न्हाई वो," येसाजी म्हनला. "आमी कुनबी."

तितनं ह्या दोघांचं जमलं. बाबुराव आला की येसाजीच्या पडवीत मुक्काम. फुला, म्हंजी येसाजीची बायकू, कनग्याची कंदं उकडायची, त्यो चार चार खायचा आन पुस्तकं वाचून दावायचा. एका पुस्तकात एका मानसाचा फोटू हुता. टक्कल, चष्मा, म्होरं मोठं टेबल. बाबुराव म्हनला, "ह्यो रुमानिया देशाचा मंत्री. रेल्वेत कोळसा वढनाऱ्याचा पोरगा. आता पाच वर्सांत देशात किती भात पिकवायचं, कुनी पिकवायचं, ह्यो ठरवतोय."

"भात खात्यात तितं?"

"न्हाई, मका खात्यात."

"मंग मका म्हना की."

फुला हसून हसून लवंडली. पन येसाजीनं त्यो फोटू लई येळ बघितला. त्या दिसापास्नं वाडीतली लोकं त्येला "रुमानिया" म्हनाय लागली. कुठं हाय त्यो मुलूख, देवाला ठावं. "काय रुमानिया, आज पाऊस हाय का?" त्येला राग यायचा न्हाई. उलट जरा बरं वाटायचं, मला दिसायचं ते.

म्होरं त्यांनी रान कामगारांचा संघ काढला. ठेकेदाराच्या डेपोम्होरं पंधरा दिस बसली मानसं, पावसात, पोराबाळांसकट. ठेकेदार गेला. संघ सवता तोडाय लागला. कुनाच्या घरचे किती हात रानात जानार, किती शेतात ऱ्हानार, कंच्या डोंगराला औंदा हात लावायचा न्हाई, ते येसाजी ठरवायचा. वाद झाला की त्यो म्हनायचा, "चला, बघून यिऊ," आन भांडनाऱ्या दोघांनाबी डोंगरावर चढवायचा. वर पोचूस्तवर भांडान दमायचं.

मंग आपुन म्हैसूर राज्यात गेलो. गाव तितंच, राज्य हललं. हापिसातली पाटी कन्नडात झाली. पन येसाजी आनखी वर चढला. तालुक्याच्या मंडळावर निवडून आला, जोयड्याच्या हापिसात त्येला खुर्ची मिळाली. संघाच्या भितीवर फोटू लागला, मधी बाबुराव, उजव्या अंगाला येसाजी, डोईवर दुकानदाराची मागून आनलेली टोपी. कानापतूर आलेली. म्या लई चिडवलं.

त्याच साली बाबुरावानं पुस्तक आनलं, नवं छापलेलं. तेच पुस्तक. येसाजीनं पानं उलटली, परत उलटली. अक्षर कळत न्हाई, पन फोटू कळतोय की.

"त्यो मानूस कुठं गेला?"

"कोन?"

"चष्म्याचा. मक्याचा."

बाबुराव पिशवीचे बंद बांधत बसला. बांधलेले सोडले, परत बांधले. "त्यानं चूक केली म्हनं."

"काय चूक? अदमास चुकला?"

"ते आपल्याला ठावं न्हाई. येसाजी, जुनं पुस्तक चुलीत घाला. आन त्या मानसाचं नाव काढू नगा."

"मला त्येचं नाव ठावंच न्हाई," येसाजी म्हनला.

पुस्तक फुलाकडं दिलं चुलीत घालाय. फुलानं घातलंबी. पन फोटूचा त्यो एक कागद फाडून घितला आन मुडीच्या पेंढ्यात खोचून ठेवला. म्हनली, एवढा कोळसावाल्याचा पोरगा, जाळू कसा?

आता जरा जपून लिव. हितनं म्होरं मला अजूनबी घाम फुटतोय.

कागदाच्या गिरनीला कळक पायजे हुता, लई, दरसाल. संघानं ते काम घ्यायचं ठरवलं. सायेब लोकं आली, नकाशे पसरले, आन म्हनली, हे रान किती वर्सं पुरंल? बाबुरावानं येसाजीकडं बोट केलं. येसाजी चार दिस फिरला. कुळगीच्या वरच्या कड्यावर हुबा ऱ्हायला, दिग्गीकडं बघितलं, बाजारकुणंगाकडं बघितलं. बापानं शिकवलं हुतं तसंच, डोंगरामागं डोंगर, बेटामागं बेट. खाली आला, डावा डोळा बारीक केला आन म्हनला, "जपून तोडला तर चाळीस वर्सं."

सायबानं लिवून घितलं. बाबुरावानं त्येला मिठी मारली. लिव चंद्रा, तवा कुनालाबी काय खटकलं न्हाई. मलाबी न्हाई.

चाळीस वर्सांच्या जोरावर समदी योजना हुबी ऱ्हायली. पैल्या दोन वर्सांत घाटावरनं लॉरी भरून तांदूळ आला, बायका म्हनल्या, बरं झालं, कांडायचा तरास गेला. मंग तिसऱ्या सालाला, चैतात, वरच्या समितीचा हुकूम आला. औंदा ह्या वाडीनं पेरायचंच न्हाई. समदे हात कळकाला. तांदूळ लॉरीनं यील. बियानं संघाच्या शेडात जमा करायचं, ते दुसऱ्या गावांना जाईल.

लोकं चुळबुळली. बियानं दिऊन टाकायचं म्हंजी काय? पन येसाजी म्हनला, "चाळीस वर्सं कळक हाय. मी बघितलाय." बास. एकेक घर मुडी आनून शेडात ठिवाय लागलं. त्येच्या शबदावर, बरं का, हुकमावर न्हाई.

फुलानं आपली मुडी शेवटाला काढली. चुलीच्या वरनं दोरी सोडत हुती, आन कोपऱ्यात बाळी आत्या बसली हुती. बाळी आत्या येसाजीच्या बापाची भन. तोंडात एक दात न्हाई, पाठ अशी वाकलेली की बसली काय आन हुबी ऱ्हायली काय, सारकंच.

"बियानं कुठं न्हेताय गं?"

येसाजी पायताना घालत हुता. म्हनला, "आत्या, आता पेरायची गरज न्हाई. चाळीस वर्सं कळक पुरतोय."

आत्या हसली. "कोन पुरतोय? कळक? आरं माज्या जोडीचा त्यो."

"म्हंजी?"

"कळक फुलला त्या साली माजा जल्म. माज्या आयनं कळकाचं तांदूळ खाऊन मला दूध पाजलं. त्यो फुलला, वाळला, मेला, आन त्येच्या बियाचा ह्यो उगावला. त्यो आन मी एका वयाचे." तिनं आपली पाठ त्येच्याकडं वळवली. "बग. मी जगतीया व्हय रं आनखी चाळीस वर्सं?"

येसाजीच्या हातातली पायतान तशीच ऱ्हायली.

हे काय नवं हुतं व्हय? आपल्यात वय असंच सांगत्यात. ह्यो कळक फुलायच्या आदीचा, ती फुलल्यावरची. समदी वाडी रोज बोलत हुती. कळक एका मानसाच्या आयुष्यात एकदा फुलतो, डोंगरचे डोंगर एकदम, आन फुलला की हुब्या जागी मरतो. त्येचं बी खाऊन उंदीर वाढत्यात, रान संपलं की शेतात शिरत्यात. हे पोरासोरांना ठावं. पन ते बायकांचं वय सांगायचं बोलनं हुतं, आन कड्यावर हुबं ऱ्हाऊन करायचा त्यो अदमास. दोन्ही एकाजागी कुनी आनलंच न्हाई. येसाजीनं कळक मोजला, पन त्येला त्येचं वय इचारलं न्हाई.

फुलाची मुडी शेडात गेली. येसाजीनं तिला थांबिवलं न्हाई, कारन तोंड उघडायच्या आत बघून यायला पायजे हुतं.

दुसऱ्या दिशी तांबडं फुटायला त्यो दिग्गीच्या बाजूला गेला. एकलाच. त्यानं मला मागनं सांगितलं, वैनी, वाटंत मी देवाला म्हनलं, तू असशील तर माजा डोळा खोटा कर. बाबुरावाच्या संगतीनं देवळात जायचं सोडलेला मानूस त्यो! दुपारच्याला वड्याच्या काठाला एक बेट दिसलं. पाला समदा झडलेला. आन शेंड्याला, जितं पाला असायचा तितं, भाताच्या लोंबीवानी तुरे. तांबूस, कुसळ कुसळ. त्यो हुबा ऱ्हायला. म्होरं गेला. दुसरं बेट. आनखी वर, तिसरं. एक तुरा मोडून पटक्याच्या घडीत घातला आन तसाच, न जेवता, जोयड्याची वाट धरली.

संघाच्या हापिसात बाबुराव एकटा हुता. येसाजीनं तुरा टेबलावर ठिवला. बाबुराव शेतकऱ्याच्या पोटचा. त्येला सांगाय लागलं न्हाई. उठून दार लावून घितलं.

"किती बेटं?"

"तीन."

"हजारांतली तीन."

"एक फुललं की समदी फुलत्यात. दोन वर्सांत डोंगर वाळंल. औंदा पेरलं न्हाई तर ऱ्हायलेलं बियानंबी हातात न्हाई."

"कुनी बघितलंय आनखी?"

"अजून न्हाई."

"मंग तुमीबी बघितलं न्हाई."

बाबुराव जवळ आला, आवाज बारीक केला. "अण्णा, ऐका. परवाच्याला लॉरी येनार, बियानं जानार. वर कळवलंय. आता तुमी म्हनला की रान मरतंय, तर गिरनी संघाला सोडनार, संघ मोडनार. ठेकेदार टपून बसलाय. त्यो मुकादम परत येनार, त्येचा दोर परत येनार. चालंल तुमाला?"

"न्हाई चालनार."

"मंग? परवा सभा हाय. हुबं ऱ्हावा, चाळीस वर्सं म्हना, खाली बसा. पावसाळ्यानंतर मी बघतो."

"पावसाळ्यानंतर पेरायचं कशात, बाबुराव?"

बाबुरावानं भितीवरच्या फोटूकडं बघितलं. टोपी कानापतूर आलेला येसाजी तितं बसला हुता. "तुमी दुसरं काय बोलला," त्यो म्हनला, "तर तुमचं नाव मला माज्या हातानं खोडावं लागंल. मला खोडाय लावू नगा."

येसाजी घरी आला, फुलाला समदं सांगितलं. मुडीतनं आदीच काढून ठेवलेला त्यो चष्म्यावाल्याचा कागद तिनं ताटाशेजारी ठिवला. "ह्येचं काय केलं म्हनला हुता त्यांनी?"

"खोडला."

"त्येचीबी बायकू असंल," फुला म्हनली. "जेव आता."

सभेचा दिस. सकाळची उनं वर आलेली. देवळाम्होरची जागा भरलेली, आंब्याखाली लॉरी हुबी. डायवर हल्याळकडचा, चाकाला टेकून बिडी वढत हुता. बाबुराव बोलला. पोलाद, कागद, नवा देश. मंग म्हनला, "आता येसाजीअण्णा सांगतील."

येसाजी उठला. खोकला. येसाजीचा शेजारी नागू मागनं वरडला, "सांग की रुमानिया! चाळीस का पन्नास?" लोकं हसली. नागूला शेजारच्याची चेष्टा केल्याबिगर अन्न पचायचं न्हाई.

येसाजीनं डावा डोळा बारीक केला. समदे गप झाले, सवयीनं. बाबुराव त्येच्याकडं बघत हुता, वाटीत तेल वतताना सांडंल का काय, अशा नजरेनं. मंग येसाजीनं दोन्ही डोळे उघडले. पटक्यातनं तुरा काढला, वर धरला.

"माजा अदमास चुकला."

हे त्येच्या तोंडातनं कुनी कवा ऐकलं नव्हतं. त्यो म्हनला, "चाळीस न्हाई. दोन. कळक फुललाय. दिग्गीकडं म्या बघितलाय. बियानं दिऊ नगा. पेरा."

म्हातारी मानसं उठून हुबी ऱ्हायली. तुरा ह्या हातातनं त्या हातात गेला. आन मंग कालवा! नागूच पैला. "मंग शेडात टाकलं तवा कुठं गेल्ता तुजा डोळा? तुज्या शबदावर टाकलं न्हवं आमी?" दुसरा म्हनला, "खुर्चीवर बसून डोळा अधू झाला." तिसरा म्हनला, "ठेकेदारानं पान चारलं असंल ह्येला!" येसाजी हुबाच. त्येनं कुनालाच उलटं उत्तर दिलं न्हाई. "तुमी म्हनता ते खरं," एवढंच म्हनत हुता. "माजीच चूक. पन पेरा."

बाबुराव पुढं आला. "येसाजी आजपास्नं संघात न्हाई," म्हनला. "त्येचं म्हननं संघाचं म्हननं न्हाई. लॉरी भरा."

बापय गडी एकमेकांकडं बघाय लागले. कुनाचं ऐकायचं? लॉरीनं गेलं तर गेलं. अडवलं तर संघाशी वैर, संघानं तर चुली पेटत्यात. कोन हलंना. लॉरीवरचे दोन हमाल शेडाकडं निघाले.

फुला माझ्या शेजारी बसली हुती. ती उठली. मला म्हनली, "आक्का, हात लाव." बास, एवढंच बोलली.

हे लिव नीट. आपल्यात बियानाची मुडी बाई डोकीवर घिती ती घराच्या उंबऱ्यापतूर खाली टेकवत न्हाई, आन तितपतूर तोंड उघडत न्हाई. बोललं तर बियानं उगवत न्हाई म्हनत्यात. आन वाटंत तिला कुनी अडवत न्हाई, सासरा असू दे न्हाईतर पाटील. आन मुडी एकटीला डोकीवर चढत न्हाई. दुसरीचा हात लागतो.

शेडात शिरलो, म्या हात लावला. फुला मुडी घिऊन शेडाच्या भाईर आली. हमाल बाजूला झाले, त्येंच्याबी घरात आया हुत्या. ती बाबुरावाच्या म्होरनं गेली. "फुलावैनी, कुनाला इचारून?" फुला गप. "उतरवा ती!" फुला गप. चालतीया. लोकांनी आपसूक वाट दिली.

मंग दुसरी उठली. तिच्या मागं नागूची बायकू. नागू म्हनला, "बस की खाली!" पन तवर मुडी तिच्या डोकीवर गेलेली. आता ती बोलंना, आन ह्यो अडवंना. एकमेकींना हात लावत समद्या निघाल्या. बांधावरनं रांगच लागली, डोकीवर गोल गोल मुड्या. इतकी मानसं आन आवाज न्हाई, नुस्त्या बांगड्या. बाबुराव वरडून वरडून दमला. "कोन तरी बोला की माझ्याशी!" म्हनला शेवटी. त्येचा आवाज फाटला हुता.

शेडात ऱ्हायले मी. समदींना हात लावता लावता माझीच मुडी मागं ऱ्हायली. आता मला हात लावाय कोन? येसाजी लांब, देवळाच्या पायरीशी, लोकांनी वाळीत टाकल्यावानी एकटा. बापयानं पुढं यायचं का न्हाई, कुनालाच कळंना. मी मुडी उचलायची, गुडघ्यापतूर यायची, घसरायची. दारात सावली आली. बाबुराव.

मी मनात म्हनलं, संपलं. ह्यो ही मुडी लॉरीत टाकनार, एकटी का हुईना, वर दावायला.

त्यो मुडीकडं बघत ऱ्हायला. मंग वाकला. एक हात खाली, एक हात बाजूला, आयला हात लावून शिकलेला मानूसच तसं उचलतो. माझ्या डोकीवर नीट ठिवली, चुंबळ सरळ केली. काय बोलला न्हाई. आन मला तर बोलताच येईना, मुडी डोकीवर! म्या नुस्तं बघितलं. मी निघाले, मागनं ऐकू आलं, डायवर कन्नडात मालाचं इचारतोय, "एन्री, मालू?" आन बाबुराव म्हनतोय, "काय न्हाई. जा." "बर्तेनरी," डायवर म्हनला, म्हंजी येतो, आन रिकामी लॉरी गेली.

उंबऱ्याच्या आत मुडी ठिवून मी परत धावत आले, तर आंब्याखाली कोन नव्हतं.

मंग काय, आपुन पेरलं. त्या दिवाळीला डोंगर तांबडा दिसाय लागला, दुसऱ्या उन्हाळ्यात करडा. उंदीर आले, ढीग. आमी डबे बडवत शेतं राखली, अर्धं त्यांनी खाल्लं, अर्धं आमी. त्याच्या फुडल्या सालाला सगळीकडंच दुष्काळ, लॉरी कुठनं येनार? बाळी आत्या कळक वाळला त्याच साली गेली. संघ मोडला. ठेकेदार आला न्हाई म्हना, तोडायलाच काय नव्हतं. संघाच्या फोटूत येसाजीच्या तोंडावर कलिंडराचा कागद डकवला हुता बाबुरावानं. वर्साच्या आत लॉरी रिकामी धाडली म्हनून बाबुरावालाबी काढला, आन त्येच्या तोंडावर दुसऱ्यानं डकवला.

येसाजीला कुनी पुढारी म्हनलं न्हाई परत. चाळीस वर्सांचं टोमनं मरूस्तवर ऐकलं त्यानं. नागू तर लगनाच्या पंगतीत, "रुमानिया, भात दोन वर्सं पुरंल का चाळीस?" पन पेरनीच्या टायमाला त्योच नागू परड्याच्या मागनं हळूच यायचा, "काय अदमास?" म्हनून. येसाजी आदी त्येला सांगायचा, "माजा चुकतो," आन मंग सांगायचा.

औंदा माघात तापानं गेला. जायच्या आदी तुझ्या भावाला, लाडूला, जवळ घितलं. लाडू कळक फुलला त्याच सालचा की. म्हनला, "वैनी, ह्येच्यावर डोळा ठिवा. ह्येची पाठ वाकाय लागली की बियानं कुनाला दिऊ नगा."

झालं. आता पुसून घे हात.

परवा तू मामाकडं रामनगरला जातीयास न्हवं? बाबुराव हल्ली तितंच असतो म्हनं, भावाच्या दुकानात, बाजाराच्या तोंडाला. ही धाकटी मुडी त्येला पोचती कर. त्याच बियानाची हाय. पेंढ्यात फुलानं त्यो चष्म्यावाल्याचा कागद घडी करून घातलाय, का घातलाय मला इचारू नगंस. सर्विस गाडीच्या टपावर टाकू दिऊ नगंस, मांडीवर घे, आन त्येच्या उंबऱ्याच्या आत गेल्याबिगर खाली टेकवू नगंस. बोललीस तर चालंल, तू साळंत जातीस. आन हे लिवलेलं त्येला वाचून दाव. म्हनावं, त्या दिशी आज्जीच्या डोकीवर मुडी हुती, म्हनून ती काय बोलली न्हाई.